कस्तुरीसाठी घोडा : गिरणाऱ्याकडच्या एका बागायतदार घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला, गिरणाऱ्याकडे जाताना लागणाऱ्या पट्ट्यात या कुटुंबाची द्राक्षबाग आहे. गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घोडीला इथे कस्तुरी म्हटलं आहे. घरात पंचाहत्तरीचे नाना, त्यांची दोन मुलं, दोन सुना, तेव्हा आठवीत असलेली नात आणि दुसरीतला नातू. नात माझ्याकडे घोडेस्वारी शिकायला यायची, त्यामुळे हे सगळं मला जवळून पाहायला मिळालं.

कस्तुरी चार वर्षांची असताना येवल्याच्या घोडेबाजारातून आणलेली. प्रकरण सुरू झालं तेव्हा ती ११ वर्षांची होती. कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, उंची ५७ इंच, कानांची टोकं एकमेकांकडे वळलेली. मारवाडी-काठेवाडी रक्त उघड दिसतं, पण कागद कसलाच नाही. रवाल, म्हणजे हिसके न बसणारी चाल उपजत असल्यामुळे नानांच्या कंबरेलाही तासाभराची रपेट चालते. बागांमधल्या वाटेने बॅकवॉटरपर्यंत जाऊन येणं हा या घराचा रविवार. दोष म्हणाल तर मागच्या पायांचे सांधे किंचित एकमेकांकडे झुकलेले.

तिचा स्वभाव सांगायला एक प्रसंग पुरे. शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर अचानक सुरू झाला, नात खोगिरावरून घसरली आणि तिचा बूट रिकिबीत अडकला. कस्तुरी दचकली, एक पाऊल बाजूला गेली आणि थांबली. अंगावरची कातडी थरथरत होती, कान भिरभिरत होते, पण बूट सुटेपर्यंत तिने पाय उचलला नाही. न घाबरणारा घोडा नसतोच. घाबरल्यावर तो काय करतो, ते बघायचं असतं.

ती थकायच्या आत तिच्या पोटचं एक शिंगरू घरात असावं, असं नानांच्या मनाने घेतलं.

मूळ अडचण

नानांनी ही गोष्ट चार लोकांत बोलून दाखवली आणि आठवड्याभरात सल्ले सुरू झाले. कुणाच्या साडूकडे नुकरा (पांढरा घोडा) होता, कुणाच्या ओळखीचा बँडवाला होता. घरात चर्चा एकच : घोडा कुठला लावायचा?

माझं म्हणणं होतं, घोडा नंतर बघू. आधी शिंगरू कुणासाठी, ते ठरवा. घोडीचा गाभणकाळ ३४० दिवसांच्या आसपास. त्यानंतर पाच-सहा महिने शिंगरू आईजवळ. पाठीवर माणूस घ्यायला ते साडेतीन-चार वर्षांचं व्हावं लागतं आणि घरातल्या कुणीही निर्धास्त बसावं इतकी समज यायला पुढे आणखी दोन वर्षं तरी जातात. म्हणजे आज घोडी भरवली, तर बसण्याजोगा घोडा सात वर्षांनी. तेव्हा नात वीस-एकवीसची असेल, बहुधा पुण्या-मुंबईत. नाना ब्याऐंशीचे. उरला नातू, तो चौदा वर्षांचा असेल.

हे गणित मांडल्यावर ओसरीवर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग नात म्हणाली, "आणि तोपर्यंत मी कशावर बसू?" गाभण घोडीवर सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत हलकी रपेट करता येते, पण पुढे बंद, व्यायल्यावरही काही महिने नाहीच. सगळं धरून तिचं वर्षभराचं बसणं जाणार होतं. तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरी अडचण कस्तुरीच्या वयाची. अकराव्या वर्षापर्यंत ती एकदाही व्यालेली नव्हती. उशिरा पहिलटकरीण होणाऱ्या घोडीत गर्भाशयाचं तोंड नीट न उघडणं आणि घोडा लागल्यावर आत पाणी साचून राहणं, हे दोन प्रकार जास्त दिसतात. आणि तिसरी गोष्ट : शिंगरू आईवर जाईलच, याची हमी कुणी देऊ शकत नाही. स्वभावाचा काही भाग रक्तातून येतो. काही भाग ते पहिल्या सहा महिन्यांत आईच्या पाठीमागे फिरून शिकतं. आई माणसाजवळ शांत उभी राहिली की पिल्लूही उभं राहतं. म्हणून कस्तुरीसारख्या घोडीचा वाटा निम्म्याहून जास्त धरायला हरकत नाही, असं माझं मत. पण उरलेला वाटा घोड्याचा, आणि तो वाया घालवण्यासारखा नव्हता.

समोर आलेले पर्याय

पहिला सारंगखेड्याच्या यात्रेत गाजलेला नुकरा. दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात जायचं, घोडा बघायचा, मालकाशी बोलायचं, असा थोरल्या मुलाचा बेत. घोडा देखणा, ६४ इंच, मान कमानीसारखी. लोकांचा आक्षेप होता की एवढ्या थोराड घोड्याचं शिंगरू कस्तुरीला अडेल. त्या आक्षेपात फारसा दम नाही. जन्माच्या वेळचा शिंगराचा आकार बराचसा आईच्या गर्भाशयावर ठरतो. माझी हरकत वेगळीच होती. तो घोडा मी पाहिला तेव्हा सजवलेला, ढोलाच्या तालावर, दोन माणसांनी दोन्हीकडून धरलेला. तोंडात काटेरी लगाम. १९६५ पासून नियमाने बंदी असलेला हा लगाम बाजारात अजून सर्रास दिसतो, आणि तो तोंडात असेपर्यंत घोडा शांत आहे की दुखण्याला भ्यालेला आहे, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. ओठांच्या कोपऱ्यात जुने वण होते. शिवाय त्याचं मोल रंगाला होतं. कुमैत घोडीपासून पांढरं शिंगरू होईलच असं नाही, आणि या घराला वरातीत नाचवायला घोडा नकोच होता. मालकाने सांगितलेली रक्कम ऐकून धाकट्या सुनेने विचारलं, "यात तयार घोडा येत नाही का?" येत होता.

दुसरा पंचवटीतल्या एका बँडवाल्याचा वरातीचा घोडा. फटाके, डीजे, गर्दी, सगळं पचवलेला. शांतपणाच्या कसोटीवर तो नुकऱ्यापेक्षा कितीतरी वरचढ, पैसेही नगण्य. पण मागचे पाय कस्तुरीसारखेच, उलट जास्त झुकलेले. दोघांत एकच दोष असला की शिंगरात तो ठळक होण्याचा धोका वाढतो. आजूबाजूला त्याची पोरंही दिसेनात. हा पर्याय सगळ्यांना सोपा वाटत होता म्हणून त्यावर जरा वाद झाला.

तिसरा पुण्याकडून आलेला, शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड. हा फार वेळ टिकला नाही. वेगासाठी पिढ्यान् पिढ्या निवडलेलं रक्त सात वर्षांच्या पोराच्या भविष्यातल्या घोड्यात कशाला?

चौथा नातीने शोधलेला. बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रात २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्मलं, हे तिने वाचलं होतं. कस्तुरीचा भ्रूण दुसऱ्या घोडीत वाढवायचा आणि कस्तुरीवर बसणं चालू ठेवायचं! डोकं छान चाललं होतं. पण त्यासाठी तज्ज्ञ, योग्य वेळी माजावर आणलेली पालक घोडी आणि खर्च, यातलं काहीच घरगुती आवाक्यातलं नव्हतं.

पाचवा पर्याय म्हणजे घोडी भरवायचीच नाही. येवल्यातून चांगल्या हाडाचं दोन-तीन वर्षांचं शिंगरू घ्यायचं. कागदावर हाच सगळ्यात शहाणपणाचा होता, कारण नातवासाठीची सात वर्षं त्यात चारावर येत होती. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते दुसऱ्याचं असेल." यावर हिशेब चालत नाही. घरातल्या माणसाला काय हवं, हाही निर्णयाचा भाग असतो. तो भावनिक आहे म्हणून यादीतून खोडता येत नाही. नातवासाठी शिंगरू, आणि नातीसाठी वर्षभर माझ्या तबेल्यातली एक घोडी, असं ठरलं तेव्हा पुढची वाट मोकळी झाली.

निवड कशी झाली

दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडे काठेवाडी वळणाचा आंडील, म्हणजे खच्ची न केलेला घोडा होता. आठ वर्षांचा, ५८ इंच. मालक स्वतः रोज त्याच्यावर बसून शेतावर जाणारा. बाजारात तो कधी मिरवला नव्हता, म्हणून कुणी त्याचं नाव घेत नव्हतं.

आम्ही न कळवता गेलो. घोडा लिंबाखाली साध्या दाव्याला बांधलेला, पुढ्यात कडबा. मालकाची बारा-तेरा वर्षांची पोरगी खरारा करत होती. तिने मागचा पाय उचलून मांडीवर घेतला, टापेतला खडा खुरपणीने काढला, आणि घोड्याने कडबा खाणं थांबवलंसुद्धा नाही. मग मालकाला म्हटलं, वस्तीवरच्या घोडीसमोरून नेऊन दाखवा. घोडा फुरफुरला, खिंकाळला, मान उंच झाली. आंडील घोडा आहे, होणारच. पण मालकाने "चल" म्हणून दोर हलकाच ओढला तशी मान खाली आली. मला एवढंच बघायचं होतं. तोंडात साधी कडी होती, ओठ स्वच्छ. दात वर-खाली बरोबर जुळत होते, मागचे पाय सरळ, दोन्ही अंडं खाली उतरलेली. शेवटची गोष्ट बघायला लोक लाजतात, पण एक वरच अडकलेलं असेल तर तो दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो.

नानांनी त्यांच्या पद्धतीने अंगावरच्या केसांचे भोवरे पाहिले. डाव्या डोळ्याखाली भोवरा निघाला. आसूढाळ! जुन्या लोकांत हा मोठा अपशकुन. परत येताना गाडीत नाना गप्प होते. मी त्यांना भोवऱ्यावरून डिवचलं नाही. विषय पोरांवर नेला. घोड्याची परीक्षा त्याच्या मोठ्या झालेल्या पोरांत असते, म्हणून मालकाकडून आधीच्या शिंगरांचे पत्ते घेतले होते.

निफाडकडची पाच वर्षांची घोडी घरातली मुलं बिनखोगिराने हिंडवत होती. चांदवडकडचा चार वर्षांचा घोडा नुकताच खोगिराला लागला होता. जरा आळशी, पण विश्वासाचा. तिसरं पोर मात्र लाथ मारणारं निघालं. बँडवाल्याला विकलेलं, दिवसभर आखूड दाव्याला, जवळ जाताना आधी काठी दिसायची. चौकशीत कळलं की त्याची आईही चावरी होती. हा तिसरा बघणं सगळ्यात उपयोगाचं ठरलं. नाना निफाडची घोडी थापटत म्हणाले, "हिचा बाप आसूढाळ आहे ना?" आणि भोवऱ्याचा प्रश्न मिटला.

काय केलं

आधी तपासण्या. ग्लँडर्स आणि घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय या दोन्हींसाठी घोडा आणि घोडी, दोघांच्या रक्ताचे नमुने सरकारी दवाखान्यामार्फत पाठवले. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि २००९ च्या कायद्याखाली तो कळवावाच लागतो; बाधित जनावर मारावं लागतं. दिंडोरीच्या मालकाला आधी हे अपमानास्पद वाटलं. "माझ्या घोड्यावर संशय?" म्हणाला. कस्तुरीचाही नमुना त्याच दिवशी घेतला, तेव्हा तो निवळला.

घोड्यांच्या कामात हात बसलेल्या पशुवैद्याकडून कस्तुरीची सोनोग्राफी करून घेतली. गायी-म्हशींत निष्णात असलेला प्रत्येक डॉक्टर घोडीच्या गुदमार्गातून तपासणी करेलच असं नाही, आणि घोडीचं आतडं त्या बाबतीत फार नाजूक. थोडं थांबावं लागलं तरी चालेल, पण माणूस सरावाचाच हवा.

मग वेळेचा प्रश्न. घोडी दिवस मोठे होऊ लागले की नीट माजावर येते. ऐन थंडीत चक्र बेभरवशाचं. म्हणजे फेब्रुवारी-मार्च. पण तेव्हा भरवली तर व्यायची वेळ पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऐन द्राक्षकाढणीत. थोरला मुलगा म्हणाला, पावसाळ्यात व्यालेली बरी, तेव्हा काम कमी. पण गिरणाऱ्याकडचा जुलै म्हणजे चिखल, माश्या आणि ओला तबेला. नवजात शिंगराच्या ओल्या नाळेला यापेक्षा वाईट जागा नाही. काढणीच्या दिवसांत रात्रीच्या राखणीला वेगळा माणूस ठेवायचा, असं ठरवून फेब्रुवारी पक्का केला.

व्यवहार कागदावर लिहिला. घोडी उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली, तर पुढच्या माजाला पुन्हा पैसे नाहीत. शिंगरू विकायचं झालं तर आधी घोड्याच्या मालकाला विचारायचं. गावात अशा गोष्टी तोंडी होतात आणि नंतर दोन घरांचं बोलणं बंद होतं.

घरी दुसरं घोडं नसल्यामुळे कस्तुरी माजाची लक्षणं जवळजवळ दाखवतच नव्हती. २१ दिवसांच्या चक्रात माज पाच ते सात दिवस, आणि बीज सुटतं ते माज ओसरण्याच्या आधीच्या २४ ते ४८ तासांत. सोनोग्राफीत बीजांडावरचा फुगा ३५ मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर तिला पिकअपमधून दिंडोरीला नेलं. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत नेमकं भीती होती तेच दिसलं : गर्भाशयात पाणी. डॉक्टरांनी ते धुऊन काढलं, गर्भाशय आकसायला ऑक्सिटोसिन दिलं. तरी घोडी उलटली. मार्चच्या मध्यावर पुन्हा नेली आणि या वेळी धुणं आधीच ठरवून ठेवलं.

पंधराव्या दिवशी सोनोग्राफीत एकच गर्भ दिसला. घोडीत जुळं म्हणजे आनंदाची बातमी नव्हे; बहुतेकदा दोन्ही जातात आणि घोडीही धोक्यात येते. म्हणून ही तपासणी टाळायची नसते. चौथ्या आठवड्यात ठोके दिसले.

निष्पत्ती

पुढच्या फेब्रुवारीत, काढणीचे क्रेट अंगणभर रचलेले असताना, कस्तुरीच्या सडांच्या टोकांवर मेणासारखा थर आला. राखणीच्या माणसाने दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला हाक मारली. शिंगरू तासाभरात उभं राहिलं, दुसऱ्या तासात चीक प्यायलं, तीन तासांच्या आत जार पडली. हे तीन आकडे सुनेने गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवले होते.

शिंगरू नर निघालं. कुमैत, कपाळावर छोटा टिळा, मागचे पाय बापासारखे सरळ. आता ते आठ महिन्यांचं आहे, आईपासून तोडलं आहे. घाबरलं की आधी थांबतं, मग बघतं. मधे एक खोड लागली होती : नातू रोज हातातून गूळ भरवायचा, त्यामुळे ते खिशाला तोंड घालू लागलं आणि एकदा नातवाच्या दंडाला चावलं. गूळ टोपलीतून द्यायला सुरुवात केली, अंगावर आलं की मागे सारायची शिस्त लावली, खोड गेली. रक्त कितीही गरीब असलं तरी लाडाने बिघडायला पंधरवडा पुरतो.

कस्तुरीवर नात पुन्हा बसू लागली आहे. तिला परत भरवायचं नाही, असं घराने ठरवलं.

काय वेगळं करता आलं असतं

सोनोग्राफी आणि गर्भाशयाचा नमुना थंडीतच, डिसेंबरात घेतला असता, तर पाणी साचण्याची प्रवृत्ती पहिल्या माजाच्या आधी कळण्याची शक्यता होती. एक माज, दोन फेऱ्या आणि घोड्याच्या मालकाची थोडी कुरकुर वाचली असती.

सात वर्षांचं गणित कुटुंबाने सल्ले गोळा करायच्या आधी मांडायला हवं होतं. नुकऱ्यापायी थोरल्या मुलाने सारंगखेड्यात शब्द टाकून ठेवला होता. तो मागे घेताना त्याची पंचाईत झाली.

पाचव्या पर्यायाबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. ज्या घरात नानांसारखा आग्रह नाही, तिथे मी तयार शिंगरूच घ्यायला सांगेन.

आणि सगळ्यात मोठी राहिलेली गोष्ट : नर झाला तर काय, हे करारात नव्हतं आणि घरातल्या बोलण्यातही नव्हतं. सगळे मादीच होणार असं धरून चालले होते. कस्तुरीच्याच गोठ्यात, चौदा वर्षांच्या पोराखाली आंडील घोडा चालणार नाही, म्हणजे तो खच्ची करावा लागणार. नानांना ते मान्य नाही. आपल्याकडे बहुतेक जुन्या माणसांना नसतं. दिंडोरीच्या मालकाने शिंगरू मागितलं आहे आणि किंमतही चांगली लावली आहे. डॉक्टरांनी दिवाळीनंतर, माश्या कमी झाल्यावरची तारीख सुचवली आहे. दिंडोरीला अजून नाही म्हटलेलं नाही आणि डॉक्टरांना हो म्हटलेलं नाही.